मूषकरावांची सावली

मंडळी, गणेशोत्सव अंकाच्या शेवटच्या पानावर मूषकराव असतात हे आपल्या मंडळातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. अंकातला बाकीचा मजकूर कोणी वाचतो की नाही याबद्दल कार्यकारिणीत मतभेद आहेत, मूषकरावांबद्दल नाहीत. विसर्जनानंतर बाप्पा परत गेले, यांचे विमान चुकले, आणि तेव्हापासून डोक्यावर काळी टोपी आणि पायात बर्फाचे बूट घालून ते ओहायोत राहतात. त्यांना जन्माला घालणाऱ्या काकांचे नाव काकांच्याच आग्रहावरून आम्ही कधी छापत नाही. गेली कित्येक वर्षे काका पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने हे चित्र काढून देत. यंदा मार्चमध्ये त्यांनी आम्हाला घरी बोलावले. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरत होते, तरी बशीत चहा सांडत होता. मग त्यांनी जुन्या चित्रांची फाईल पुढे सरकवली. "आता तू बघ रे. तुझ्याकडे कॉम्प्युटर आहे."

कॉम्प्युटर आहे हे खरे. आमची डॉक्टरेट मात्र रसायनशास्त्रातली, आणि शाळेत चित्रकलेत मिळालेले गुण इथे सांगण्यासारखे नाहीत. तरी हो म्हणून बसलो. अंकासाठी काळे-पांढरे आणि हॉलमधल्या फलकासाठी रंगीत, असे दोन मूषकराव हवे होते.

फोटोशॉपचे दरमहाचे भाडे खजिनदारांना सांगायची आमची छाती नव्हती. म्हणून 'गिम्प' हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घेतला. बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली तो सुरू केला. काकांचे एक जुने चित्र इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने स्कॅन केले. 'लेव्हल्स' वापरून पिवळट कागद पांढराशुभ्र आणि शाई काळी केली. 'कलर टू अल्फा' या आज्ञेने पांढरे तेवढे उडवले, की उरते ती नुसती रेघ, पारदर्शक कागदावर काढल्यासारखी. यापुढचे सगळे काम अशाच थरांवर थर ठेवून चालते. कॉलेजात ओव्हरहेड प्रोजेक्टरवर एकावर एक पारदर्शक कागद ठेवत असत, ते आठवा. सगळ्यांत वर रेघ, तिच्याखाली सावली, त्याखाली रंग, तळाशी पांढरा कागद. सावली चुकली तर तेवढाच थर फेकायचा, रेघेला धक्का नाही.

रंग भरायला बादलीचे चित्र असलेले साधन आहे. ती आम्ही कोटात ओतली आणि क्षणात सगळे पान लाल झाले. काकांच्या रेघेत बगलेपाशी केसाएवढी फट होती, तिथून रंग बाहेर गेला. ही फट शोधण्यात एक शनिवार घालवला. नंतर कळले, की २०१९ च्या २.१०.१० या आवृत्तीपासून त्याच बादलीत 'लाईन आर्ट' ओळखून लहान फटी आपोआप बुजवायची सोय आहे. आमच्यासारखा शनिवार घालवू नका.

खरी फजिती सावलीत झाली. प्रोग्रॅममध्ये गडदाकडून फिकटाकडे जाणाऱ्या छटा एका फटकाऱ्यात ओढता येतात. त्या आम्ही पोटाला, गालाला, टोपीला, बुटांना, दिसेल तिथे ओढल्या. पडद्यावर मूषकराव चकाकू लागले. आम्ही खूष. सौ. म्हणाल्या, "वाढदिवसाचा फुगा छान झालाय." मग त्याची काळी-पांढरी प्रत झेरॉक्सवर काढली, तर कोळशाच्या ढिगातून दोन डोळे बघत होते. आमच्या सहा वर्षांच्या कन्येने विचारले, "बाबा, याला काय लागलंय?"

ती प्रत घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, चित्र बघितले आणि एवढेच विचारले, "अरे, दिवा कुठे ठेवलायस?"

आम्ही गप्प. दिवा आम्ही कुठेच ठेवला नव्हता.

काकूंकडून त्यांनी एक बटाटा मागवला, त्याला काड्यापेटीच्या काड्यांचे पाय लावले, वर बाटलीचे झाकण टोपी म्हणून ठेवले आणि टेबललॅम्प डावीकडे वर धरायला लावला. "आता मोज." मोजल्या. टोपीखाली कपाळावर एक, पोटाच्या उजव्या खालच्या अंगाला एक, आणि टेबलावर पडलेली एक. तीनच सावल्या. त्यांच्या कडाही चांगल्या ठळक दिसत होत्या. काकांच्या फाईलमधली चाळीसेक चित्रे आम्ही त्या दिवशी पुन्हा बघितली. प्रत्येकात दिवा डावीकडे वरच आहे. इतक्या वर्षांत आमच्या लक्षात आले नव्हते.

घरी येऊन सगळ्या छटा पुसल्या. सावलीच्या थरावर करड्यात किंचित जांभळट झाक असलेला एकच रंग घेऊन तीन आकार भरले आणि त्या थराची पद्धत 'मल्टिप्लाय' अशी निवडली. इथे मात्र आमच्यातला रसायनवाला जागा झाला. प्रयोगशाळेत रंगीत द्रावणाच्या दोन नळ्या एकामागे एक ठेवून प्रकाश सोडला, आणि प्रत्येक नळी निम्मा प्रकाश जाऊ देत असली, तर पलीकडे निम्म्याचा निम्मा, म्हणजे पाव पोचतो. बिअर-लॅम्बर्ट नियमाच्या मुळाशी हाच गुणाकार आहे. 'मल्टिप्लाय' तेच करते: पांढरा म्हणजे १, काळा म्हणजे ०, आणि वरच्या थराला खालच्याने गुणायचे. त्यामुळे सावलीच्या थरातली पांढरी जागा खालच्या रंगाला हात लावत नाही, आणि तीच एक करडी सावली लाल कोटावर गडद लाल, पिवळ्या पोटावर गडद पिवळी होते. प्रत्येक रंगासाठी वेगळी सावली कालवायला नको. (गॅमाचा मुद्दा कोणी तज्ज्ञांनी काढू नये, आम्हाला ठाऊक आहे.)

फलक झाला. अंकाचे काय? चेस्टर कार्लसनने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात गंधकाचा थर दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर पहिली कोरडी प्रत काढली, तेव्हापासून या यंत्राचे तत्त्व एकच. जिथे उजेड पडला तिथला विद्युतभार जातो, जिथे काळोख राहिला तिथे तो टिकतो आणि पूड चिकटते. मधल्या करड्याच्या बाबतीत आमच्या मंडळाच्या यंत्राचा भरवसा नाही. म्हणून करडा रंग काळ्या ठिपक्यांत मोडून द्यायचा, वर्तमानपत्रातल्या फोटोंसारखा. गिम्पमध्ये 'न्यूजप्रिंट' नावाचा फिल्टर आहे. तो फक्त सावलीच्या थराला लावावा, रेघेला नाही, नाहीतर मिशासुद्धा ठिपक्यांच्या होतात. ठिपक्याची चौकट आम्ही ८ बिंदूंची ठेवली, म्हणजे इंचाला सुमारे ३७ ठिपके. त्याहून बारीक केले तर प्रतीची प्रत काढताना फिकट भागातले ठिपके गळतात आणि गडद भागातले एकमेकांत मिसळतात. फिल्टर लावल्यावर चित्र लहानमोठे करू नका. चटईसारखे पट्टे उमटतात, तेही आम्ही करून बघितले आहे.

राहता राहिली रेघ. यंदाचे चित्र जुन्यावरून काढायचे नाही, नवे काढायचे, असा काकांचा हट्ट होता. अंग आम्ही काढले. काकांची रेघ खालच्या बाजूला जाड आणि दिव्याकडच्या बाजूला बारीक असते, तेवढे सांभाळले. शेपूट मात्र ते म्हणाले, "मीच काढतो." पेन मुठीत धरून, टेबलाला कोपर टेकून त्यांनी शेपूट काढली. पाच मिनिटे लागली. ती स्कॅन करून पडद्यावर मोठी केली तेव्हा प्रत्येक कंप दिसत होता. प्रोग्रॅममध्ये रेघ गुळगुळीत करायची सोय आहे, एक क्लिक. आम्ही काकांना विचारले. ते पडद्याजवळ वाकून बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "थंडीनं हलतेय. ओहायोत राहतो ना तो. राहू दे."

शेवटचे पान उघडा. शेपूट तशीच आहे.

दिवाळी अंकासाठी मुलांनी चित्रे द्यायची असतील तर बिनरेघांच्या पांढऱ्या कागदावर, काळ्या पेनने काढावीत. पेन्सिल स्कॅनमध्ये उमटत नाही. दिवा कुठे आहे ते कागदाच्या मागे लिहावे. काका तपासणार आहेत.