इंजिनाचं पाणी

मे महिन्याच्या सुट्टीत खंबाटकी घाटात बॉनेट उघडून कडेला लागलेल्या गाड्या या रस्त्याला नव्या नाहीत. घरची मंडळी सावली शोधतात आणि चालक पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घालतो. नेमकं तेच करायचं नसतं. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो दाबाचा. त्या दाबामुळे आतलं पाणी १०० अंशांना उकळत नाही, १२० च्या घरात गेलं तरी पाणीच राहतं. झाकण सैल होताच दाब सुटतो, पाण्याची वाफ होते आणि ती थेट तोंडावर येते. अर्धा तास तरी थांबावं, मगच जाड फडकं धरून झाकण फिरवावं.

पेट्रोलमधल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा चाकं फिरवायला लागतो. साधारण तेवढीच धुराड्यातून जाते आणि उरलेल्या बऱ्याचशा उष्णतेची वाट पाण्याला लावावी लागते. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकीत पाणी सरळ उकळून उडून जायचं. १८८८ मध्ये त्याची पत्नी बेर्टा बेंझ मानहाइमहून फोर्झहाइमला ती गाडी घेऊन निघाली, तेव्हा वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावं लागलं. उपाय सापडला १९०० मध्ये. विल्हेल्म मायबाखने मर्सिडीजसाठी ८,०७० बारीक चौकोनी नळ्यांचा रेडिएटर केला: नळ्यांमधून वारा, भोवती पाणी, मागे पंखा. रचना पुढे बदलत गेली, पण थोडक्या पाण्याला भरपूर वारा द्यायचा हे तत्त्व आजही तेच.

बाकीची मंडळी मोजकी. पंप पाणी फिरवतो. थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असतं; ते ८२ ते ८८ अंशांच्या आसपास वितळून फुगतं आणि रेडिएटरची वाट उघडतं. यातलं कुणीही रुसलं तरी काट्यावर दिसतं ते एकच: गाडी तापली. म्हणून जाणता मेस्त्री पाना उचलण्याआधी विचारतो, ‘तापते कधी?’

सिग्नलला तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर पंखा, त्याचा रिले किंवा सेन्सर तपासायचा. चढावर आणि वेगात तापते, तर रेडिएटर चोक झालेला असण्याची शक्यता जास्त. काटा लाल रेषेवर आणि रेडिएटर मात्र कोमट, तर थर्मोस्टॅट मिटलेलाच राहिला, पंप पाणी ढकलत नाही किंवा आत हवा अडकली. थर्मोस्टॅट काढून टाकायचा शॉर्टकट अनेक गॅरेजात चालतो. पण मग इंजिन लवकर गरम होत नाही आणि पेट्रोल जास्त पितं.

सगळ्यात महागडा दोष हेड गॅस्केटचा, म्हणजे सिलिंडर हेडखालच्या सीलचा. खाली थेंब दिसत नाही, तरी पाणी कमी होतं. चालू इंजिनात पाण्याच्या टाकीत बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत राहतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय धरली, तर ऑइलमध्ये पाणी उतरल्याचा संशय घ्यायचा. मग हेड उतरवतात. मेस्त्री त्यावर सरळ पोलादी पट्टी आडवी-तिरकी ठेवतो आणि फटीत फीलर गेजची पातळ पाती सरकवून बघतो. बऱ्याच इंजिनांत ०.०५ मिलिमीटरची पाती सहज शिरली, तर हेड वाकलं समजायचं आणि फेसिंगला पाठवायचं. गरम काट्याकडे दुर्लक्ष करून ‘पुढच्या गावापर्यंत’ दामटलेल्या गाड्यांवर ही पाळी येते.

पितळी रेडिएटर उघडून, नळ्यांत सळई फिरवून, पुन्हा झाळून देणारे कारागीर आता कमी दिसतात. नव्या रेडिएटरचा गाभा अ‍ॅल्युमिनियमचा आणि टाक्या प्लॅस्टिकच्या. तडा गेला की बहुधा अख्खा बदलतात. बोअरचं पाणी मात्र दोघांचाही शत्रू. त्यातल्या क्षारांचा थर नळ्यांत बसतो. म्हणून योग्य कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर भरावं, हीटर चालू ठेवून अडकलेली हवा काढावी आणि थंड इंजिनावर टाकीची पातळी बघावी.

ही यंत्रणा बंदिस्त आहे. तिच्यातलं पाणी आठवड्यागणिक उतरत असेल, तर ते कुठून तरी जातंय. ती जागा सापडेपर्यंत वरून पाणी ओतणं ही फक्त गॅरेजपर्यंत पोचायची सोय, दुरुस्ती नव्हे.