भाड्याच्या घराचा दाखला

फ्रीजवर तारे छापलेली चिठ्ठी आपण पाहिली असेल. तारे जास्त, तर वीज कमी लागते. इंग्लंडात असाच दाखला सबंध घराला देतात.

तिकडची थंडी कडक. वर्षातले कित्येक महिने घर आतून तापवावे लागते. घर मालकाचे, पण गॅसचे नि विजेचे बिल बहुतेक वेळा भाडेकरूच भरतो. खिडकीतून वारा येत असला, तर मालकाचे काय जाते? खिसा रिकामा होतो भाडेकरूचा. म्हणून २००८ सालापासून घर भाड्याने देताना दाखला दाखवावा लागतो.

तपासनीस घरी येतो. खोल्या मोजतो. भिंत भरीव की आतून पोकळ, छताखाली लोकरीसारखा थर आहे का, तो किती जाड, खिडकीला काच एक की दोन, घर नि पाणी कशावर तापते, दिवे कोणते, हे सारे टिपून घेतो. मग संगणक हिशेब करतो. हे घर वर्षभर ऊबदार ठेवायला खर्च किती? तो खर्च घराच्या आकाराशी ताडून गुण देतात. गुण जास्त, म्हणजे खर्च कमी. ९२ नि त्यावर गुण असले तर 'ए' वर्ग. ३९ ते ५४ ला 'ई'. २० किंवा त्याहून कमी म्हणजे 'जी', सर्वांत खालचा. तिकडे वीज गॅसपेक्षा महाग, म्हणून साध्या विजेच्या हीटरवर तापणारे घर मागे पडते.

गंमत अशी, की गुण देताना भाडेकरूचे बिल धरत नाहीत. नेहमीची राहणी कशी असते, त्यावरून हिशेब करतात. कुणी काटकसरीने कुडकुडत बसला, म्हणून घराला जादा गुण नाहीत. मला हे रास्त वाटते.

कागदाला मात्र फार मोल. भिंतीच्या आत थर भरला आहे, पण तो दिसत नाही नि पावतीही नाही. मग घर कोणत्या काळी बांधले, त्यावरून अंदाज धरतात. जुन्या घराचे गुण अशाने उगाच बुडतात.

इंग्लंड व वेल्समध्ये एप्रिल २०१८ पासून 'ई'च्या खालचे घर नव्याने भाड्याने देता येत नाही. २०२० पासून आधीच्या भाडेकरूंनाही हा नियम लागला. काही घरांना सूट आहे.

आपल्याकडचे कुणी तिकडे घर पाहत असेल, तर त्याने दाखला मागावा; त्याचे पैसे पडत नाहीत. काय केले तर किती गुण वाढतील, तेही त्यात लिहिलेले असते. पण त्यातल्या खर्चाइतकेच बिल येईल असे धरू नये. घरात तान्हे मूल किंवा म्हातारे माणूस असले, की घर जास्त वेळ तापवावे लागतेच.