कॅमेऱ्याची किंमत आणि राखणीचा खर्च



ऊसबिलाचा हप्ता बँकेत जमा झाला की गावात दोन प्रकारची माणसं फिरू लागतात. एक ट्रॅक्टरवाले, आणि अलीकडं दुसरे सीसीटीव्ही कॅमेरेवाले. "चार कॅमेरे, साडेअठरा हजार, घर-गोठा-विहीर सगळं मोबाईलवर." गट ऑफिसात बेण्याची चौकशी करायला येणारे सभासद जाता जाता आम्हांला कॅमेऱ्याचंही विचारतात. हा आमच्या खात्याचा विषय नव्हे. पण या व्यवहारात आम्ही स्वतः हात पोळून घेतलेले आहेत, म्हणून हिशेबासकट लिहीत आहोत.

आमचं घर मळ्यात, वस्तीवर. हंगामात आम्ही दिवसभर शिवारात, घरी म्हातारी आई एकटी. म्हणून २०१९ साली चार कॅमेरे बसवले. २०२३ च्या दिवाळीत विहिरीवरून पाणबुडी मोटरची केबल कापून नेली. पोलिसांनी फुटेज मागितलं. मोबाईलवर चित्र तर रोज दिसत होतं, पण मागचं काढायला गेलो तर काहीच नाही. रेकॉर्डरमधली हार्ड डिस्क तीन महिन्यांपूर्वीच मेलेली होती. चालू चित्र दिसायला डिस्क लागत नाही, त्यामुळं कुणाच्या ध्यानात आलं नाही. ज्यानं बसवून दिलं होतं तो फोन उचलेना.

मग वही काढून बसलो. साडेअठरा हजार ही नुसती सामानाची किंमत. त्यावर १८ टक्के जी.एस.टी., म्हणजे ३,३३०. वायर, पाईप, मजुरी धरून बसवेपर्यंत २६,५०० झाले. वस्तीवर लाईटचा भरवसा नाही, म्हणून इन्व्हर्टर आणि बॅटरी १४,००० ची. चार कॅमेरे आणि रेकॉर्डर मिळून साधारण ४० वॅट घेतात. दिसायला कमी, पण ते २४ तास चालतात. दिवसाला जवळजवळ एक युनिट, वर्षाला ३५०. युनिटला ८ रुपये धरले तर पाच वर्षांत १४,०००. इंटरनेट महिना ४००, त्याचे २४,०००. बॅटरी एकदा बदलली ११,०००, डिस्क ४,०००, मेकॅनिकच्या फेऱ्या ५,०००. एकूण ९८,५०० रुपये. टनामागं हातात ३,००० पडतात असं धरलं तर ३३ टन ऊस. आपल्यातल्या बऱ्याच सभासदांचं एका एकराचं पीकच तेवढं असतं!

ठिबकचा संच घेताना आपण फिल्टर, लॅटरल, दरवर्षीची दुरुस्ती विचारतो. इथं मात्र कुणी विचारत नाही. विकणाऱ्याला हे तीन प्रश्न जरूर विचारावेत.

पहिला, रेकॉर्डिंग किती दिवसांचं राहील? साधारण चांगल्या चित्राला एका कॅमेऱ्याचे दिवसाला २१ ते २२ जी.बी. जातात. चार कॅमेऱ्यांचे ८६. एक टी.बी.ची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुनं पुसून नवं लिहू लागते. नव्या पद्धतीच्या रेकॉर्डरमध्ये हे जवळजवळ निम्म्यावर येतं, म्हणून तो कोणत्या पद्धतीचा ते विचारून घ्यावं. तुम्ही पंढरपूरला जाऊन पंधरा दिवसांनी आलात, तर पहिल्या रात्रीचं चित्र मिळेल का, हा खरा प्रश्न.

दुसरा, लाईट गेल्यावर किती तास चालेल? १०० अँपिअर-अवरची बॅटरी निम्मी वापरायची म्हटली, तर बारा-तेरा तास. पण बॅटरीतलं पाणी तपासलं नाही तर हे तास वर्षागणिक घटत जातात.

तिसरा, सिमकार्डावर चालणारा असेल तर डेटा किती खाईल? तासभर चित्र पाहिलं की सुमारे ०.९ जी.बी. रोजचे दीड जी.बी. पावणेदोन तासांत संपले. मुलगा पुण्यातून घर बघत बसला तर रिचार्ज कुणी करायचा हेही ठरवून घ्यावं.

आणखी एक. कॅमेऱ्यासोबत आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, नाहीतर आपलं अंगण परक्यालाही दिसू शकतं. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये या बाबतीत नियम काढले, ते एप्रिल २०२५ पासून लागू आहेत. तेव्हा खूण नसलेला स्वस्त माल बाजारातून उचलू नये, पक्की पावती घ्यावी.

वहीत न मांडलेला खर्चही आहे. आमचा एक कॅमेरा चुलत्यांच्या न्हाणीकडं तोंड करून होता. बसवणाऱ्यानं पाहिलं नाही, आम्हीही नाही. चुलतींनी एक दिवस दारात येऊन विचारलं, तेव्हा मान वर करवेना. महिनाभर अबोला होता. आधी दोघांना बोलावून कॅमेरा कुठं बघतो ते दाखवलं असतं तर हे झालं नसतं.

कॅमेरा टाकाऊ आहे असं आमचं म्हणणं नाही. तो चोर धरत नाही, चोर कोण ते नंतर सांगतो, तेही चालू असला तर. आता आम्ही दारावर एकच ठेवला आहे, मेमरी कार्डाचा. दर अमावस्येला आठवड्यामागचं रेकॉर्डिंग उघडून बघतो. दाराला आडणा, विहिरीवर दिवा, केबल जमिनीखालून पाईपात, आणि एक कुत्रं. आईच्या फोनात ११२ आणि चुलत्यांचा नंबर पहिल्या दोन बटणांवर आहे. गावात ग्राम सुरक्षा यंत्रणा असेल तर घरातल्या सगळ्यांचे मोबाईल त्यात नोंदवावेत. संकटात एकानं फोन केला की तोच आवाज गावातल्या नोंदलेल्या फोनांवर जातो.

मोटर दुरुस्तीला वर काढाल तेव्हा तिच्या अंगावर नाव आणि गट नंबर ठोकून घ्यावा, कंपनीचा नंबर पावतीवर आहे का ते पाहावं. चोरीची मोटर सापडली तरी ती आपली हे सिद्ध करता येत नाही, म्हणून बरेचदा परत मिळत नाही. अक्षरांचे पंच गट ऑफिसात ठेवले आहेत. सोमवार ते शनिवार केव्हाही न्यावेत, दुसऱ्या दिवशी परत आणून द्यावेत.