गाडीची कुरकुर : पाटे काय सांगतात?



लाकडी चाकाच्या बैलगाडीचे दिवस आपल्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असतील. गाडीखाली वंगणाचा नळा टांगलेला असे. कणा कुरकुरू लागला की गाडीवान सावली बघून गाडी थांबवी, चाक सोडवी, वंगण घाली आणि मगच पुढे जाई. कुरकुरणारी गाडी गावात आणणे त्याला कमीपणाचे वाटे. आज बऱ्याच सभासदांच्या दारात पिकअप उभी आहे. उसाचे बेणे, खताची पोती, भाजीपाला, दुधाचे कॅन, सगळे तीच वाहते. ती कुरकुरू लागली की मात्र आपण टेपचा आवाज वाढवतो आणि म्हणतो, "चालतंय की!"

या लेखात आम्ही मागच्या पाट्यांच्या कुरकुरीबद्दल लिहिणार आहोत. जुनी मंडळी यालाच कमान म्हणतात. आवाज कशाने येतो, त्यातला साधा कोणता आणि धोक्याचा कोणता, आणि घरच्या घरी काय करता येते, हे क्रमाने पाहू. पण आधी आमचीच चूक सांगतो.

आम्ही काय केले

आडसाली लागणीसाठी आमच्या पिकअपने बेण्याच्या खेपा चालल्या होत्या. मागच्या डाव्या बाजूने कुरकुर सुरू झाली. आम्ही इंजिनातून काढलेले जळके ऑइल डबाभर घेतले आणि पाट्यांवर ओतले. गाडी गप्प झाली. आम्हीही खूष. आठ-दहा दिवसांत आवाज पुन्हा आला, पुन्हा ऑइल ओतले. पुढे गाडी एका अंगाला ओढू लागली, तेव्हा मिस्त्रीकडे नेली. त्याने टेप काढली आणि दोन्ही बाजूंचे अंतर मोजले. डावे चाक उजव्यापेक्षा बोटभर मागे सरकले होते! यू-बोल्ट ढिले झालेले आणि पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटलेला. ऑइल आणि धूळ यांच्या लगद्याखाली ते काहीच दिसत नव्हते.

मिस्त्री एवढेच म्हणाला, "गाडी बोलत होती, तुम्ही तिचं तोंड बंद केलं." त्याच आठवड्यात त्याच गाडीने घरची मंडळी घाट उतरून देवदर्शनाला जाऊन आली होती. ते आठवले की अजून पोटात गोळा येतो. म्हणून हा लेख.

पाटे कुरकुरतात का?

मुलाची शंभर पानी वही घ्या आणि दोन्ही हातांनी वाकवा. वहीची कड सरळ राहत नाही, तिरपी होते. म्हणजे वाकताना प्रत्येक पान शेजारच्या पानावरून थोडे सरकते. पाट्यांचेही तेच. खड्ड्यात चाक गेले की कमान सरळ होते आणि प्रत्येक पाटा खालच्या पाट्यावर घासत पुढे-मागे होतो. या घासण्याचा एक फायदाही आहे. गाडीची उसळी त्यात थोडी जिरते. त्यामुळे पाटे अगदी तेलात बुडवून गुळगुळीत करणे हा काही उपाय नव्हे.

अनेक गाड्यांत पाट्यांच्या टोकांना नायलॉनच्या किंवा तशाच चकत्या असतात. त्या झिजल्या किंवा पडल्या की लोखंडावर लोखंड घासते. त्यात पाणंदीची काळी माती फटीत शिरते, पावसाळ्यात गंज चढतो. खताच्या खेपांनी त्यात भर पडते. पोटॅशच्या खतात क्लोराइड असते. ते ओलाव्याबरोबर लोखंडावर बसले की गंज लवकर धरतो. फाटलेल्या पोत्यातले खत हौद्याच्या फटीतून थेट पाट्यांवर पडते, हे किती जण बघतात?

आवाज ओळखा

आवाज सगळे सारखे नसतात. कान देऊन ऐका.

प्रत्येक खड्ड्याला "कुरकुर" किंवा "चूं-चूं" होत असेल, तर बहुधा कोरडे पाटे किंवा सुकलेले रबरी बुश.

गाडी सुटताना, ब्रेक मारताना "खट्" असा एकच आवाज येत असेल, तर बुश झिजले आहेत, शॅकल ढिली आहे किंवा यू-बोल्ट सैल आहेत. हे अंगावर काढू नका.

भरल्या गाडीत मोठ्या खड्ड्याला "धाड्" होत असेल, तर पाटे बसले आहेत किंवा माल जास्त आहे. कमान पूर्ण दबून वर आदळते आहे.

आवाज नेमका कुठला हे शोधायला दोन माणसे लागतात. गाडी सपाट जागी बंद करून, गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक ओढून उभी करा आणि पुढच्या चाकांना ओंडके लावा. एकाने मागच्या बंपरवर उभे राहून गाडी दाबावी, दुसऱ्याने बाजूला बसून ऐकावे. बोटे पाट्यांच्या फटीत घालू नयेत. मग साध्या पाण्याची पिचकारी घेऊन आधी फक्त पाट्यांवर पाणी मारा आणि पुन्हा दाबा. आवाज थांबला, तर दोष पाट्यांत. नाही थांबला, तर पुढच्या बुशवर मारा, मग शॅकलवर. पाणी हा काही इलाज नाही, वाळले की आवाज परत येतो. पण जागा सापडते आणि खर्च शून्य.

वंगणाआधी तपासणी

आता पाटे पाण्याने आणि तारेच्या ब्रशने स्वच्छ करा आणि उजेडात पाहा. चार गोष्टी बघायच्या.

पहिली, तडा. एखाद्या पाट्यावर आडवी बारीक रेघ आणि तिच्यातून गंजाची लाल पूड निघत असेल, तर तो पाटा गेला समजा. वरचा मोठा पाटा, ज्याला दोन्ही टोकांना डोळे असतात, तो विशेष नीट बघा. चाकाचा आस जागेवर धरणारा तोच आहे.

दुसरी, सेंटर बोल्ट. त्याचे डोके जागेवर आहे का? पुढच्या डोळ्याच्या बोल्टपासून चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. अंतरात फरक दिसला, तर गाडी थेट गॅरेजला न्या, आणि तीही रिकामी, सावकाश.

तिसरी, यू-बोल्ट. नटाभोवती घासल्याच्या चकाकत्या खुणा किंवा लाल पूड दिसली, तर तो सैल आहे.

चौथी, बुश. रबर फाटले, बाहेर आले किंवा बोल्ट डोळ्याच्या एका बाजूला टेकला असेल, तर बुश बदला. वंगणाने फाटलेले रबर जुळत नाही.

या चारांत काही सापडले, तर वंगणाचा डबा बाजूला ठेवा. आधी दुरुस्ती, मग वंगण.

घरच्या घरी काय करता येते?

तपासणीत सर्व ठीक निघाले आणि फक्त पाटेच कोरडे असले, तर हे काम दुपारभरात होते.

गाडी रिकामी करा. जॅक चासीखाली लावून मागचा भाग उचला, म्हणजे आस खाली लोंबतो आणि पाट्यांची टोके थोडी सुटतात. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका. चासीखाली दोन्ही बाजूंनी मजबूत लोखंडी घोडी लावा. विटा, दगड किंवा सिमेंटचे ब्लॉक चालणार नाहीत, ते अचानक फुटतात.

पाट्यांच्या फटीतली माती आणि गंज ब्रशने काढा, हवा मारा. डोळ्यांना चष्मा हवाच. पूर्ण वाळू द्या. मग पेंटर लांबी लावायला वापरतात तसली पातळ पत्री घेऊन टोकाकडच्या फटींत ग्रॅफाइट ग्रीस सारा. ग्रॅफाइट कोरडे झाले तरी घसरते, म्हणून पाट्यांना ते चांगले. थोडेच लावा, बाहेर आलेले पुसून घ्या. ब्रेकच्या ड्रमकडे एक थेंबही जाता कामा नये.

रबरी बुशना मात्र डिझेल, इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस लावू नका. खनिज तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते. तिथे सिलिकॉनचे ग्रीस किंवा फवारा वापरा. ज्या गाडीत धातूचे बुश असून ग्रीसचे निप्पल आहेत, तिथे ग्रीसगन लावून जुने काळे ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवे भरा.

टोकाच्या चकत्या झिजल्या असतील, तर संपूर्ण पाटे उतरवावे लागतात. ते काम मिस्त्रीकडेच द्या. पाटे ताणात असतात. क्लॅम्प न लावता सेंटर बोल्ट सोडला, तर ते उसळून तोंडावर येतात.

मिस्त्रीकडे गेल्यावर चार गोष्टी लक्षात ठेवा

तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग करून घेऊ नका. पाट्याचे पोलाद तापवून आणि थंड करून मुद्दाम लवचीक केलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने ते पाणी उतरते आणि पाटा शेजारीच पुन्हा तुटतो. "तात्पुरतं मारून देतो" असे कोणी म्हटले, तरी ऐकू नका.

यू-बोल्ट सोडले की शक्यतो नवे टाका. कसताना आळीपाळीने, समोरासमोरचे नट थोडे थोडे कसून घ्या. किती कसायचे ते कंपनीच्या पुस्तकात दिलेले असते. काही दिवस भरलेली गाडी चालवल्यावर पुन्हा एकदा कसून घ्या, कारण नवे पाटे बसतात आणि नट सैल पडतात. आमच्या गाडीचे नेमके हेच राहून गेले होते.

रबरी बुशचे बोल्ट शेवटचे कसताना गाडी स्वतःच्या चाकांवर उभी हवी. ती टांगलेली असताना कसले, तर रबराला कायमचा पीळ बसतो आणि बुश लवकर फाटतात.

चौथी गोष्ट जास्तीच्या पाट्याची. "दोन पाटे वाढवून द्या, माल जास्त बसंल," असे आपल्यातले बरेच जण सांगतात. पाटे वाढले तरी टायर, आस, चासी आणि ब्रेक तेवढेच राहतात. शिवाय आरसी बुकातले वजन बदलत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड ठेवला आहे. एका खेपेत वाचवलेले भाडे तिथेच जाते. आणि मालाच्या गाडीत मागे माणसे बसवू नयेत, हे आम्ही वेगळे सांगायला नको. पाटा तुटला, तर पोती रस्त्यावर पडतात, ती उचलता येतात.

सवय लावून घ्या

खताची खेप झाली की हौदा आणि पाटे पाण्याने धुवा. पावसाळा संपला की एकदा तपासा. महिन्यातून एकदा गाडीमागे उभे राहून ती एका अंगाला कलली आहे का ते बघा. एवढ्याला पाच मिनिटे पुरतात.

दसऱ्याला आपण गाडी धुतो, हार घालतो, नारळ फोडतो. पुढे गळीत हंगामाची धावपळ सुरू झाली की गाडीला उसंत मिळत नाही आणि आपल्यालाही. तेव्हा यंदा हार घालण्याआधी एकदा गाडीखाली वाकून पाटे बघा, दोन्ही बाजूंना टेप लावा. ज्यांच्याकडे ट्रॅक्टरची ट्रॉली पाट्यांवर आहे, त्यांनी तीही तपासावी. कुरकुर ऐकू आली, तर वंगणाचा डबा उघडण्याआधी ती कुठून येते ते शोधा.