पार्लरच्या रेट कार्डवर ‘फिलर’ लिहावं का? आधी हिशोब मांडा!



समजा, बेगडेवाडी आणि तळेगावच्या मधल्या घोरावाडी स्टेशनजवळ तुमचं दोन खुर्च्यांचं पार्लर आहे. थ्रेडिंग, फेशियल आणि लग्नसराईत ब्रायडल मेकअप. सगळा खर्च जाऊन महिन्याला २५ हजार हातात उरतात. आता गिऱ्हाईक विचारायला लागलंय, “ताई, ते गाल भरायचं फिलर तुमच्याकडे होतं का? डोळ्यांखालचे खड्डे पण जातात म्हणे.” आणि नेमकी मोबाईलवर जाहिरात येते: एका दिवसात फिलर शिका, सर्टिफिकेट मिळवा, सुईसुद्धा लागत नाही, पेननेच काम!

मागणी समोर दिसतेय, मग सेवा का वाढवू नये? प्रश्न रास्त आहे. उत्तर शोधताना तीन गोष्टी बघू: फिलर म्हणजे काय, ते कुणी द्यायचं, आणि यात तुमच्या धंद्याला कुठे जागा आहे.

फिलर म्हणजे नेमकं काय?

वय वाढतं तशी चेहऱ्यातली चरबी कमी होते, खाली सरकते, हाडंही थोडी झिजतात. गाल बसतात आणि पापणीखाली खोलगट रेघ दिसायला लागते. तिथे इंजेक्शनने जेल भरतात, ते फिलर. सगळ्यात जास्त वापरलं जातं ते हायलुरोनिक अ‍ॅसिडचं जेल. हा पदार्थ आपल्या शरीरातही असतो, म्हणून जेल हळूहळू विरतं. काही महिने ते दीड-दोन वर्षं टिकतं, मग पुन्हा खर्च. एक सिरिंज साधारण १ मिली, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा!

गाल आणि डोळ्यांखालची जागा यांत मोठा फरक आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गालांसाठीच्या हायलुरोनिक जेलला २०१३ मध्ये मान्यता दिली. डोळ्यांखालच्या खड्ड्यांसाठी पहिली मान्यता यायला २०२२ उजाडलं. तिथली कातडी फार पातळ असते. जेल वरच्या थरात राहिलं तर निळसर झाक दिसते, जास्त झालं तर सूज राहते. शिवाय तिकडे ही उत्पादनं साधारण २२ वर्षांवरच्यांसाठीच मंजूर आहेत. विशीतल्या नवरीने विचारलं तर हे लक्षात असू द्या.

प्रत्येक काळं वर्तुळ खड्डा नसतं

डोळ्यांखाली काळं दिसायची कारणं वेगवेगळी:

- त्वचेत रंगद्रव्य जास्त असणं. आपल्याकडे हे खूप दिसतं. फिलरने रंग जात नाही.
- फुगीर पिशवी असणं. फिलर घातलं तर ती आणखी उठून दिसू शकते.
- खरा खड्डा असणं. फिलरचा उपयोग मुख्यतः इथेच.

यात थकवा, अपुरी झोप आणि रक्त कमी असणं यांचीही भर पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्ताक्षय आहे. चेहरा निस्तेज दिसतोय, दम लागतोय अशी ताई आली, तर तिला आधी हिमोग्लोबिन तपासायला सांगा. तो सल्ला फुकट आहे, पण ती तो विसरणार नाही.

धोका कुठे आहे?

चेहऱ्यात रक्तवाहिन्यांचं जाळं आहे. जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं तर पुढचा रक्तपुरवठा बंद होतो. त्वचेचा तो भाग मरू शकतो. क्वचित, पण दृष्टीही जाऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये याचा जाहीर इशारा दिला. इंजेक्शननंतर कातडी पांढरी पडली, जाळीसारखे डाग उठले, असह्य दुखलं किंवा नजर धूसर झाली, तर एक मिनिटही न दवडता हॉस्पिटल गाठायचं. हे जेल विरघळवण्याचं हायलुरोनिडेज नावाचं औषध असतं. ते जवळ हवं आणि कुठे, किती द्यायचं हे कळणारा डॉक्टरही हवा.

आणि तो बिनसुईचा पेन? दाबाने जेल कातडीत घुसवणाऱ्या या उपकरणांपासून दूर राहा, असा इशारा त्याच प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये दिला. सुई नाही म्हणजे धोका नाही, असं अजिबात नाही. जेल किती खोल जातंय यावर पेनमध्ये ताबाच राहत नाही.

कायदा काय म्हणतो?

फिलर हा वैद्यकीय उपचार आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा २०१९, कलम ३४: नोंदणी नसताना डॉक्टरकी केली तर एक वर्षापर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमच्या हिशोबात बसवा. महिना २५ हजार उरत असतील, तर ५ लाख म्हणजे २० महिन्यांची कमाई. एका दिवसाच्या कोर्सचं सर्टिफिकेट भिंतीवर छान दिसेल, पण ते वैद्यकीय नोंदणीची जागा घेत नाही. डॉक्टरांच्या बाबतीतही आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं, की वर्कशॉप किंवा यूट्यूब बघणं हे सौंदर्योपचार सुरू करण्यासाठी पुरेसं प्रशिक्षण नाही. मी स्वतः व्हिडिओ बनवतो, तरी सांगतो: ही गोष्ट व्हिडिओ बघून शिकायची नाही.

“मग डॉक्टरांनाच रविवारी पार्लरमध्ये बोलवू?”

हा मार्ग अनेकांना सुचतो. पण मग जागा निर्जंतुक हवी, आणीबाणीची औषधं हवीत, वापरलेल्या सुयांसाठी न भोसकणारा पांढरा डबा हवा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगीही लागते. आणि सोमवारी सूज वाढली तर गिऱ्हाईक कुणाच्या दारात येणार? तुमच्याच!

दुसरा विचार: गिऱ्हाईक पाठवायचं आणि कमिशन घ्यायचं. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देणं-घेणं निषिद्ध आहे. जो डॉक्टर टक्केवारी देऊ करतो, तो तिथेच नियम मोडतो. असल्या डॉक्टरकडे आपलं गिऱ्हाईक पाठवू नका.

मग कमाई कशात?

कमाई आहे. सुई हातात न घेता आहे.

१. ग्राहक कार्ड सुरू करा. फेशियलआधी एक प्रश्न विचारा: “अलीकडे चेहऱ्यावर काही इंजेक्शन घेतलंय का?” फिलरनंतर डॉक्टर साधारण दोन आठवडे चेहऱ्याला मसाज टाळायला सांगतात. “घेतलंय” म्हणाली, तर डॉक्टरांना विचारून मगच या, असं सांगा. आज एक फेशियल गेलं, पण विश्वास राहिला.

२. नवरीला तारखांचा आराखडा द्या. फिलरनंतर सूज, काळानिळा डाग येऊ शकतो. लग्नाच्या आठवड्यात प्रयोग नको. मेकअप ट्रायल, फेशियल, थ्रेडिंग कधी, हे लिहून द्या आणि त्याचंच पॅकेज बनवा.

३. करेक्टरचं काम पक्कं शिका. निळसर-तपकिरी वर्तुळांवर पीच किंवा नारिंगी करेक्टर योग्य लावला, तर वर्तुळं झाकली जातात. तो गिऱ्हाइकाला घरी लावायला शिकवणं ही वेगळी, पैसे घेता येण्यासारखी सेवा आहे.

४. डॉक्टर कसा निवडायचा ते सांगा. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन, महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या वेबसाइटवर नोंदणी तपासलेला. पेटी समोर उघडायची, बॅच नंबर आणि मुदत बघायची, बिल घ्यायचं. “त्रास झाला तर रात्री कुणाला फोन करायचा?” हे आधीच विचारायचं. घोरावाडीहून लोकलने पिंपरी-चिंचवड, पुणे गाठता येतं, तेव्हा जवळ आहे म्हणून कुणाकडेही जायची गरज नाही.

५. रेट कार्ड खरं ठेवा. साध्या मसाजला ‘फिलर फेशियल’ म्हणू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर कारवाई होते.

मित्र-मैत्रिणींनो, लहान गावात धंदा तोंडी प्रसिद्धीवर चालतो. एक चेहरा बिघडला तर बातमी पुढच्या लोकलने तळेगावात पोचते. पण “ताईंनी मला नको ते करू दिलं नाही” ही बातमीही तेवढीच लांब जाते.

आजचं काम: वहीत तुमच्या सगळ्या सेवा लिहा. प्रत्येकीपुढे एक प्रश्न: यात काही बिघडलं, तर ते निस्तरायचं ज्ञान, औषध आणि परवाना माझ्याकडे आहे का? जिथे उत्तर “नाही”, ती सेवा रेट कार्डवर नको.