सोन्याचं कडं आणि घरातला फोन

ओझरहून आम्ही बोलतोय. आज विषय जरा वेगळा आहे, पत्त्यांचा.

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी वीस हजारांचं कर्ज मागितलं. आधीचं शिलाई मशीनचं कर्ज चालूच होतं, आणि मशीन काही घरात आलेलं दिसत नव्हतं. बैठक उठल्यावर त्या मागे थांबल्या आणि रडल्या. मुलगा फोनवर पैसे लावून पोकर खेळतो. मशीनचे पैसे त्यातच गेले. वर आईला सांगतो, "दिल्लीची निकिता लूथर याच खेळात जिंकली. मीही जिंकेन. थोडे पैसे दे." हे सगळं त्या ताईंच्या परवानगीनेच, नाव न घेता सांगतोय.

मुलगा खोटं बोलत नव्हता. अमेरिकेत लास व्हेगासला १९७० पासून दरवर्षी पोकरची मोठी स्पर्धा भरते, 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर'. तिथे जिंकणाऱ्याला सोन्याचं कडं मिळतं. २०१८ मध्ये जोडीदारांनी मिळून खेळायच्या प्रकारात निकिता लूथर आणि ज्युसेप्पे पँटालिओ जिंकले. असं कडं मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्याच वर्षी जानेवारीत मुस्कान सेठी यांचा पहिल्या व्यावसायिक महिला पोकर खेळाडू म्हणून राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला. बायकांनी हे मिळवलं, याचं कौतुक आम्हालाही आहे.

पण पूर्ण हिशोब मांडू या. ते बक्षीस पावणेदोन लाख डॉलरचं होतं, तेव्हाच्या दराने साधारण एक कोटी वीस लाख रुपये. ते दोघांचं मिळून. आपल्या देशात पत्त्यांच्या कमाईवर ३० टक्के कर लागतो, आणि हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. मुख्य म्हणजे त्या स्पर्धेत हजारावर संघ उतरले होते, प्रत्येकाची प्रवेश फी हजार डॉलर. अशा स्पर्धेत शंभरातल्या साधारण पंधरांना काहीतरी परत मिळतं, त्यातल्या बऱ्याच जणांना फीपेक्षा थोडंच जास्त. बाकीच्यांचे फोटो कुठे छापून येत नाहीत.

आपल्या भिशीशी ताडून बघा. दहा जणी दर महिन्याला हजार टाकतात. दहा महिन्यांत प्रत्येकीला एकदा दहा हजार मिळतात, कुणाचं बुडत नाही. पोकरमध्ये दहा जणांनी हजार-हजार टाकले, तर खेळ भरवणारा आधी आपला वाटा काढतो. उरलेले एक-दोघे नेतात, बाकीचे रिकाम्या हाताने घरी. जिंकणाऱ्याचा पैसा हरणाऱ्यांच्याच खिशातला असतो.

मग जिंकणारे वेगळं काय करतात? पोकर आपल्या तीन पत्तीचा भाऊ. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मधे सगळ्यांसाठी पाच उघडे. सातांतून चांगले पाच जुळवायचे. नुसतं नशीब नाही, हिशोबही आहे. पण हातात दोन एक्के आणि समोरच्याकडे दोन राजे असले, तरी एक्केवाला पाच वेळांत साधारण एकदा हरतोच. म्हणून व्यावसायिक खेळाडू खेळाचे पैसे घरखर्चापासून वेगळे ठेवतात आणि एका डावात त्यातला अगदी थोडा भाग लावतात. झालेले डाव पुन्हा तपासतात. आणि बहुतेक वेळा काय करतात? पत्ते खाली टाकतात. आपण 'पॅक' म्हणतो तेच. हरलेलं भरून काढायला कर्ज काढून बसणारा तिथे टिकत नाही. आमच्या ताईंचा मुलगा नेमकं तेच करत होता.

कायद्याचंही सांगतो. गोव्यात मांडवी नदीतल्या बोटींवर कॅसिनो आहेत. महाराष्ट्राने मात्र आपला जुना कॅसिनो कायदा २०२३ मध्ये रद्द केला. इथे कॅसिनोला परवानगी नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. म्हणून मदत मागायला घाबरू नका. तरीही परदेशी ॲपच्या लिंक कुणीतरी फोनवर पाठवतंच. त्यात अडकलेले पैसे बहुधा परत येत नाहीत.

आमच्या गटाने काय केलं? नवीन कर्ज दिलं नाही, कारण ते त्याच खड्ड्यात गेलं असतं. जुन्या कर्जाचा हप्ता कमी करून मुदत वाढवली. ताईंनी आपल्या खात्याचा पिन बदलला, मुलाच्या फोनला जोडलेलं खातं काढलं. मुलाला शिव्या दिल्या नाहीत. वहीत किती टाकले, किती आले, ते त्याच्याकडूनच लिहून घेतलं. बेरीज बघून तो बराच वेळ गप्प बसला. आता तो १४४१६ या टेलिमानसच्या मोफत नंबरवर बोलतो. सवय अजून पूर्ण सुटलेली नाही, हेही खरं.

तुमच्याही घरात कुणी असं अडकलं असेल, तर लपवू नका. फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० वर फोन करा. आणि गटात कर्जाचं कारण विचारताना आवाज चढवू नका. त्या ताई थांबल्या, बोलल्या, म्हणून आज मशीन नाही तरी घर शाबूत आहे.