अशक्तपणावर सलाईन : उपयोग, भ्रम आणि धोका

"डॉक्टरानू, आंगात ताकद नाय, येक सलाईन लावा," ही मागणी मालवण किनारपट्टीवर व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाची आहे. मोठ्या शहरांत हीच मागणी आता 'वेलनेस ड्रिप' या नावाने, जीवनसत्त्वे व ग्लुटाथायोन यांची भर घालून पुरविली जाते. ही चिकित्सा कितपत उपयुक्त व निर्धोक आहे, याचा विचार वैद्यबंधूंनी व औषधविक्रेत्यांनी करणे अगत्याचे आहे.

बाटलीत काय असते?

०.९ टक्के सलाईनच्या ५०० मि.लि. बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, बाकी पाणी. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम शंभर कॅलरी असतात. वाडगाभर पेज याहून कमी बळ देत नाही.

वेलनेस ड्रिपचे मूळ अमेरिकेतील बाल्टिमोरचे डॉ. जॉन मायर्स यांच्या मिश्रणात आहे. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, 'ब' गटातील व 'क' जीवनसत्त्वे असतात. फायब्रोमायल्जियाच्या ३४ रुग्णांवरील एक चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत हे मिश्रण घेणारे व केवळ रिंगर लॅक्टेट घेणारे, असे दोन्ही गट सुधारले; दोहोंत लक्षणीय अंतर आढळले नाही. रुग्णास वाटणारी तरतरी बरीचशी विश्रांतीची व विश्वासाची असते.

धोके

मुखावाटे घेतलेले द्रव्य अग्नीच्या परीक्षेतून जाते. शिरेतील द्रव्य थेट रक्तात मिसळते. सिरादाह, जंतुसंसर्ग, थायमिनसारख्या औषधाचीही तीव्र अ‍ॅलर्जी हे धोके कोणासही संभवतात. हृदयरोगी व वृक्करोगी यांना जादा द्रवाने श्वास लागू शकतो. 'क' जीवनसत्त्वाची मोठी मात्रा वृक्कांत ऑक्झलेट साठविते आणि जी-६-पी-डी न्यूनता असल्यास रक्तकण फुटतात. त्वचा उजळविण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ग्लुटाथायोन इंजेक्शनांविरुद्ध फिलिपाइन्सच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये इशारा दिला होता.

आपल्या जिल्ह्यात याहून मोठा धोका निदानास होणाऱ्या विलंबाचा आहे. पावसाळ्यात शेतात राबणाऱ्यास ताप, पोटऱ्यांत वेदना व थकवा असल्यास लेप्टोस्पायरोसिसचा, तर दोडामार्ग-सावंतवाडी भागातील जंगलात वावरणाऱ्यास २०१६ पासून आढळणाऱ्या माकडतापाचा विचार झालाच पाहिजे. लेप्टोमध्ये वृक्क निकामी होत असता सलाईनने दोन दिवस 'बरे वाटविणे' प्राणावर बेतू शकते. अशा रुग्णास विनाविलंब शासकीय रुग्णालयात पाठवावे.

मग द्यावे काय?

तीव्र जलक्षय, शॉक, न थांबणारी छर्दी अथवा बेशुद्धी यांत शिरेवाटे द्रव जीवनदायी आहे. तेथे संकोच नको. इतरत्र ओआरएस पुरेसे असते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी कॉलऱ्याच्या साथीत त्याचे सामर्थ्य सिद्ध केले. लाजामंड, मीठ घातलेली पेज व ज्वरात षडंगपानीय ही आपली साधने आहेत. शहाळ्यात पोटॅशियम विपुल, सोडियम अल्प असते. म्हणून ते ओआरएसची जागा घेत नाही व वृक्करोग्यास जपूनच द्यावे. थकवा टिकून असल्यास पांडु, प्रमेह व थायरॉइड तपासावेत.

औषधविक्रेत्यांनी चिठ्ठीशिवाय बाटली व सेट देऊ नये. वैद्यांनी आपल्या परवान्याची मर्यादा ओलांडू नये. सलाईन नाकारल्यास रुग्ण शेजारच्या दवाखान्यात जाईल, ही भीती खरी आहे. तथापि पाच मिनिटे समजावून सांगितल्यास बहुतेक रुग्ण पेजेवरही समाधान मानतात.